कारणाचा रकाना

कोबी रात्रभर मिठाच्या पाण्यात होता आणि सकाळपासून तेग्यू एकटाच तो धूत होता. एकशे चाळीस गड्डे. दरवर्षी हे काम तिघं-चौघं मिळून करायचे, पण यंदा त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, आणि त्यानं तिथून उठावं असंही कुणाला वाटत नव्हतं. गड्डा तीन पाण्यांतून काढायचा, पिळायचा आणि फळीवर पालथा घालायचा. निदान तोवर त्याचे हात काय करताहेत ते सगळ्यांना दिसत होतं.

हेसुक, थोरली सून, अंगणाच्या मधोमध लाल रबरी टपात मसाला कालवत होती. मिरचीपूड, लसूण, मुळ्याचा कीस, खारवलेली कोळंबी, वरून सासूनं, ओकबुनबाईंनी, सकाळीच आणलेली ताजी कालवं. तेवीस वर्षं ती किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला कोरियाच्या दक्षिण टोकाच्या हेनामच्या ह्या अंगणात येत होती आणि तेवीस वर्षांत सासूनं तिच्या मसाल्याला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं.

"आई, हे दोन डबे वेगळे कशाला काढलेत?"

"त्यात मिरची घालू नकोस. दान्बीला लागतील."

"ती यायचीय अजून."

"येईल की. तीन वाजता ती सरकारी बाई येणार, घर बघणार, सही घेणार. आठवड्याभरात पोर इथं." ओकबुनबाईंनी हे हवामान सांगावं तसं सांगितलं आणि त्या पुन्हा कोबीची बुडखी कापायला लागल्या.

दान्बी म्हणजे तेग्यूची मुलगी, तीन वर्षांची. ऑक्टोबरात एके दिवशी सकाळी अकरा वाजता ती इंचॉनच्या इमारतीतले चार जिने एकटी उतरली, खालच्या दुकानात शिरली, फडताळातला भाताचा त्रिकोण घेतला आणि तिथंच फरशीवर बसून कागदासकट खायला लागली. पायात काही नव्हतं. दुकानातल्या मुलीनं पोलिसांना फोन केला. बाप सापडला दोन गल्ल्या पलीकडच्या पीसी-बांगमध्ये, तासावर गेम खेळायच्या दुकानात, एक्केचाळीस नंबरच्या खुर्चीवर, कानाला हेडफोन लावून. पोरीचं वजन भरलं दहा किलो. तेव्हापासून ती सरकारी आसऱ्यात होती आणि हे घर 'गेम' हा एकच शब्द घोकत होतं.

थोरला इन्ग्यू ग्वांगजूला शेतकी सहकारी संघात अधिकारी होता. कागद करणं हा त्याचा हातखंडा. आईच्या नावानं त्यानं जबाब टंकून आणला होता आणि सकाळी सगळ्यांना वाचून दाखवला होता: माझा धाकटा मुलगा मुळात मायाळू आहे. खेळाच्या व्यसनानं त्याचा ताबा घेतला. कुटुंबाला ह्या परिस्थितीची काहीही कल्पना नव्हती. आता त्याला उपचारांना पाठवून नातीचा सांभाळ मी स्वतः करीन.

वाचून झाल्यावर त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, आणि हेसुकच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. वाचला तो एक कागद होता. घडी दोन कागदांची होती.

नवरा सिगारेट ओढायला गेला तेव्हा त्याचा कोट ओसरीवर राहिला होता. तिनं हातमोजे काढले आणि खिसा तपासला. दुसऱ्या कागदावर एकच ओळ होती. आजीच्या वयामुळं प्रत्यक्ष देखभाल: थोरली सून. पुढं तिचं पूर्ण नाव आणि सहीसाठी मोकळी जागा.

रांजणांच्या कट्ट्यापाशी तिनं त्याला गाठलं.

"अहो, माझं नाव कुणी घातलं?"

"हळू बोल. ते नुसतं दाखवायला आहे. आईचे गुडघे बघून ती बाई पोर देणार आहे का?"

"दाखवायला. मग उद्या पोर ताप येऊन पडली की कुणाला फोन येणार? दाखवायच्या बाईला?"

"तुला नको असेल तर स्पष्ट सांग ना. मी आईला सांगतो, तुझी सून नको म्हणतेय."

"असं सांगाल तुम्ही. म्हणून तर मला विचारलं नाहीत."

इन्ग्यूनं सिगारेट विझवली. "हे बघ, सगळा दोष गेमवर गेला की सोपं आहे. तेग्यू आठ आठवडे त्या व्यसनमुक्तीच्या वर्गाला जाईल, सुटल्याचा दाखला मिळेल, पोर परत त्याच्याकडे. तुझ्या अंगाला काही लागणार नाही."

"आणि गेमवर नाही गेला तर?"

"कशाला नाही जाणार? गेमची काय बोलायची टाप आहे?"

ह्यावर तिला हसू आलं, आणि आलं म्हणून ती अधिकच चिडली. दोष द्यायला ह्या घराला नेहमी न बोलणारंच कुणीतरी लागतं. सासरे बुडाले तेव्हा दोष होडीला गेला. होडीवर त्यांना तशा वाऱ्यात कुणी पाठवलं हे कुणी विचारलं नाही, आणि विचारणाऱ्या आत्याबाई पुन्हा ह्या घरी आल्या नाहीत.

मिरान आली ती शिजवलेलं डुकराचं मांस घेऊनच. मधली बहीण, मोकपोच्या दवाखान्यात औषधं देते, लग्न केलेलं नाही, आणि घरात तेग्यूची बाजू घेणारी ती एकटीच. आल्या आल्या ती हातमोजे चढवून त्याच्या शेजारी ओल्या फळीवर बसली. हेसुकनं ते पाहिलं. सासूनंही पाहिलं.

"हात बघू. सुजलेत."

"पाणी गार आहे," तेग्यू म्हणाला.

तेग्यूला बहिणीची भीती इतरांपेक्षा जास्त वाटायची. दादा ओरडायचा तो स्वतःला ऐकू यावं म्हणून. आई बघायची नाही. मिरान मात्र प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. ह्या अंगणातल्या प्रत्येक जणानं त्याच्याविषयी काहीतरी ठरवून ठेवलं आहे, असं त्याला सकाळपासून वाटत होतं. काय ठरवलं आहे ते कळत नव्हतं.

"युनजूची आई कशी आहे आता?" मिराननं त्याच्या बायकोच्या माहेरचं विचारलं.

"बरी नाही अजून. म्हणून तर तिला येता येत नाही."

"झोपूनच असते?"

"हो. जवळजवळ."

"मी काल फोन केला होता त्यांना." मिरान पुढचा गड्डा पिळायला लागली. "बाजारात होत्या. सुके मासे विकत होत्या. पाठीमागून गिऱ्हाइकं ओरडत होती. मला विचारलं, युनजू तुमच्याकडे आहे ना?"

तेग्यूनं हातातला गड्डा पुन्हा पाण्यात घातला.

"कधी गेली ती?"

"जूनमध्ये."

"जूनपासून तू सगळ्यांना सांगतोयस, ती आईच्या शुश्रूषेला गेलीय. मलासुद्धा. मी दवाखान्यात लोकांशी भांडलेय तुझ्यासाठी, तेग्यू. म्हणत होते, माझा भाऊ तसा नाही."

"नाहीच आहे मी तसा."

"कसा नाहीस ते तरी सांग."

तेग्यूनं गड्डा फळीवर पालथा घातला. मिरान उठली, मागं न बघता टपापाशी गेली आणि वहिनीच्या शेजारी बसली. हेसुकनं सरकून तिच्यासाठी जागा केली; बहीणभावाचं बोलणं अंगणभर ऐकू गेलं होतं. दोघींचं सात वर्षांत धड बोलणं नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमाराला पहिला घाणा भरला. ओकबुनबाईंनी रीतीप्रमाणं कोबीचं आतलं पिवळं पान तोडलं, त्यात मसाला आणि मांसाचा तुकडा गुंडाळला आणि एकेकाच्या तोंडात घातला. किमजांगच्या, म्हणजे वर्षाची किमची घालायच्या दिवशी सगळ्यांचे हात मिरचीनं माखलेले असतात, म्हणून घरातली म्हातारी भरवते आणि मोठी माणसं लहान मुलांसारखा आ करतात. इन्ग्यूनं खाल्लं. हेसुकनं खाल्लं. मिराननं खाल्लं. तेग्यूचे हात स्वच्छ होते, पाण्यातलेच होते, तरी त्यानंही आ केला. ओकबुनबाईंनी चौथं पान गुंडाळलं आणि स्वतःच्या तोंडात टाकलं.

एवढ्यात उलट्या रांजणावर ठेवलेला म्हातारीचा फोन वाजला.

तेग्यू सोडून प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत लाल. "घे रे," इन्ग्यू धाकट्याला म्हणाला. तेग्यूनं बोट पुसलं आणि आईला हातात धरता येणार नाही म्हणून आवाज मोठा करायचं बटण दाबून फोन तिच्यापुढं धरला. दरवर्षी ह्या दिवशी येणारे सगळे फोन असेच अंगणाला ऐकवून होतात. लग्नं ठरतात, शेजाऱ्यांची आजारपणं कळतात. त्यात वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

"ओकबुनबाई ना? मी बालसंरक्षण कार्यालयातून मेंग बोलतेय. वाटेत आहोत. येण्याआधी एक विचारायचं होतं, म्हणजे तुम्हाला आठवायला वेळ मिळेल. तुमच्या मुलाच्या घरातल्या फोनची नोंद आलीय. चौदा ऑगस्टला, दुपारी एक वीसला, तुमच्या घरून तिथं फोन गेला होता. चार मिनिटं चालला. त्या वेळी तुमचा मुलगा पीसी-बांगमध्ये होता, तिथली नोंद आहे आमच्याकडे. फोन कुणी उचलला, एवढं आठवून ठेवाल का?"

"हो," ओकबुनबाई म्हणाल्या.

"आभारी आहे. तासाभरात पोचतो."

फोन बंद झाला. तेग्यू तो तसाच हातात धरून उभा होता.

"चुकीचा नंबर लागला असेल," इन्ग्यू म्हणाला.

"चार मिनिटं?" मिरान म्हणाली. "आई, ऑगस्टमध्ये तू मला म्हणाली होतीस, इंचॉनशी बोलणंच नाही. युनजूनं किमचीचे डबे परत पाठवले नाहीत म्हणून तू रुसली होतीस. मीच तुला म्हटलं, फोन कर. तू म्हणालीस, मी नाही करणार."

"केला एकदा."

"उचलला कुणी?"

ओकबुनबाई हातमोजे काढायला लागल्या. एकेक बोट ओढून, सावकाश. आपण इतका वेळ का लावतोय हे त्यांना स्वतःला नीट ठाऊक होतं.

"दान्बीनं," त्या म्हणाल्या.

सगळ्यांत आधी हेसुक बोलली. "म्हणजे ती एकटी होती, हे तुम्हाला माहीत होतं."

"बाप न्हाणीघरात असेल असं वाटलं मला."

"असं ती म्हणाली का?" मिराननं विचारलं.

"नाही."

इन्ग्यूनं कपाळावर हात मारून घेतला आणि मिरची डोळ्यात गेली. बराच वेळ तो डोळा धूत होता, पण डोकं चालूच होतं. तोंड पुसत तो म्हणाला, "ऐका. युनजू त्या दिवशी कपडे न्यायला आली होती. फोन तिनं उचलला. आई तिच्याशी बोलली, तिनं सांगितलं सगळं ठीक आहे. झालं. तिला कुठं विचारणार? ती तर पत्ता न ठेवता गेलीय."

एक क्षण सगळ्यांना ते पटलं. हेसुकला पटलं, कारण युनजू तिला कधीच आवडली नव्हती. मिरानलाही पटलं, कारण खोटं पचलं तर पोर घरी येणार होती. फळीजवळ उभ्या असलेल्या तेग्यूकडे चौघंही बघत होते, आता तोही हो म्हणेल म्हणून.

"तिचं नाव घेऊ नका," तेग्यू म्हणाला.

"का? तुला सोडून गेलेल्या बाईचा पुळका आलाय?"

"दादा, गेमचं नाव घ्या, मी सही करतो. गेममुळं मी पोरीला विसरलो, गेममुळं ती उपाशी राहिली. सगळं कबूल. तिथं गेम लिहिलेलं असलं की मी आजारी माणूस होतो. गेम काढून टाकला की मागं मीच उरतो." त्यानं फोन रांजणावर ठेवला. "पण युनजू जूनमध्ये गेली. ती आली नव्हती. वर्षभर ती मला सांगत होती की आपलं डोकं ठिकाणावर नाही, कुणाला तरी बोलाव. मी कुणाला बोलावलं नाही. निदान ते तरी तिच्या माथी मारू नका."

"मग आईच्या माथी मारायचं?" इन्ग्यू ओरडला. "आईला माहीत होतं असं कळलं, की पोर ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. कळतंय का तुला? परक्या घरी जाईल ती. कायमची जाईल."

ते सगळ्यांनाच कळत होतं. ओकबुनबाई खाली बसल्या आणि बिनमिरचीच्या त्या दोन डब्यांत कोबी भरायला लागल्या.

मेंगबाई पस्तिशीच्या असाव्यात. एकट्याच आत आल्या, गाडीचा चालक बाहेर थांबला. ओल्या अंगणातून बूट सांभाळत गेल्या, उबदार जमिनीच्या खोलीत मांडी घालून बसल्या, बार्लीचा चहा घेतला, मांसाला नको म्हणाल्या. खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं. हेसुकला विचारलं, "देखभालीला तुम्ही असणार ना?" हेसुक म्हणाली, "मला आज सकाळी कळलं." इन्ग्यूनं तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

मग त्यांनी फॉर्म काढला. "मुलाच्या जबाबात दुर्लक्षाच्या कारणाच्या रकान्यात गेमचं व्यसन असं आहे. तुमच्या जबाबातही तेच. आता त्या फोनचं तेवढं सांगा."

सून आली होती, हे शब्द ओकबुनबाईंच्या जिभेवर तयार होते. इन्ग्यू दाराशी त्यासाठीच बसला होता. सहासष्ट वर्षांत त्या ह्याहून मोठं खोटं बोलल्या होत्या, आणि ते आजवर कुणी उघडं पाडलं नव्हतं. पोर दारात आली की खोट्याचं पुण्य होतं, असंही मनात येऊन गेलं. पण पोर आली, आणि एखाद्या दिवशी चुलीपाशी बसून म्हणाली, आजी, तू फोन केला होतास, तर? तीन वर्षांची मुलं काय विसरतात आणि काय नाही, ह्याचा भरवसा त्यांना वाटेना.

"फोन नातीनं उचलला," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, बाबा कुठं? म्हणाली, बाबा खुर्चीवर गेले. आई? आई नाही. जेवलीस का, तर म्हणाली गिम खाल्लं. आमच्याच गावचं समुद्री पानाचं पाकीट, मीच पाठवलं होतं. तेवढ्याच पाकिटापर्यंत तिचा हात पोचत होता. मग ती खिडकीतून दिसणाऱ्या कुत्र्याचं सांगायला लागली. कुत्र्याचं पुष्कळ सांगितलं. मग म्हणाली, आजी, ठेवू नको हं. मी म्हटलं, नाही ठेवत."

"आणि?"

"ठेवला."

मेंगबाईंचं पेन थांबलं होतं. "नंतर तुम्ही कुणाला कळवलंत?"

"नाही. गावातल्या म्हाताऱ्यांच्या खोलीत गेले. तिथं ह्वातूच्या पत्त्यांचा डाव असतो दुपारी. संध्याकाळपर्यंत खेळले."

"दहा-दहा वॉनचा खेळ असतो हो तो," इन्ग्यू घाईघाईनं म्हणाला. "गावातल्या सगळ्या बायका खेळतात. व्यसन वगैरे काही नाही."

मेंगबाई त्याच्याकडे न बघता म्हातारीला म्हणाल्या, "रोज खेळता? सवय आहे? तसं असेल तर तशी नोंद करता येते. त्यानं थोडा फरक पडतो."

"पत्त्यांवर नका घालू," ओकबुनबाई म्हणाल्या. "पत्ते नसते तर मी मिरच्या तोडायला गेले असते. ऑगस्टमध्ये मिरच्या तयारच असतात. मला पोरीचं ऐकू आलं होतं, म्हणून मी घराबाहेर पडले. लोक म्हणतील हिच्या मुलाचा संसार मोडला, ह्याची मला लाज वाटत होती. त्यापेक्षा न ऐकलेलं बरं, असं मला वाटलं."

दाराबाहेर तेग्यू उभा होता. हात अजून ओलेच होते. मेंगबाईंनी मान वर करून त्याला विचारलं, "तुमच्या रकान्यात गेम आहे. तो तसाच ठेवू?"

मिरान उत्तराची वाट बघत होती. आता मात्र तिच्या बघण्यात सकाळचा राग नव्हता.

"वर्गाला मी जाईन," तेग्यू म्हणाला. "आठ आठवडे, सोळा आठवडे, सांगाल तितके. पण ते खोडा. दान्बी रोज विचारायची, आई कधी येणार. उठली की विचारायची, झोपताना विचारायची. त्या खुर्चीवर मला कुणी काही विचारत नव्हतं."

मेंगबाईंनी खोडलं. मग त्यांनी पेन ठेवलं आणि जे सांगायचं होतं ते आडवळण न घेता सांगितलं. दान्बी इथं येणार नाही. तिला एका कुटुंबात ठेवलं जाईल, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. खरं सांगितलंत ही नोंद राहील, पण त्यानं आजचा निर्णय बदलत नाही.

इन्ग्यू उठून बाहेर गेला. त्याच्या मागं हेसुक गेली, आणि ओसरीवर पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"तिच्याशी बोलता येईल?" ओकबुनबाईंनी विचारलं.

"फोनवर. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं."

"दहा मिनिटं झाली की कोण ठेवतं?"

"म्हणजे?"

"फोन. आधी कुणी ठेवायचा, असा काही नियम आहे का?"

"असा नियम नाही."

"मग एवढं लिहून घ्या," ओकबुनबाई म्हणाल्या. "तिनंच ठेवायचा. दहा मिनिटं झाली तरी मी ठेवणार नाही."